कायोटी प्रकल्प नोंदी: सॅन रमोन (कॅलिफोर्निया), फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०२४

११ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास मागच्या ग्रीनबेल्टवर (झाडी-गवताच्या मोकळ्या पट्ट्यावर) कायोटी, म्हणजे इथला कोल्ह्यासारखा जंगली प्राणी, दिसला, आणि कालपासून कोपऱ्यावरच्या घरातली राखाडी मांजर गायब आहे. एवढं पुरलं. कॉलनीच्या ग्रुपवर एका रात्रीत सव्वाशे मेसेज. पिंजरा लावा, डोंगरात नेऊन सोडा, एकाने तर उंदराचं औषध घालून मटण ठेवू म्हणलं (तो मेसेज नंतर डिलीट झाला पण सगळ्यांनी वाचला होता). मी मध्येच लिहून बसले की आधी काय दिसतंय, कुठे दिसतंय ते नीट लिहून तरी काढू या. झालं. एचओएच्या (कॉलनीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या) मीटिंगमध्ये ठरलं की मग तूच लिही. नोकरीत क्यूए (सॉफ्टवेअरची तपासणी) करते, दिवसभर बगच लॉग करते, आता हा एक.

म्हणून ही फाईल. प्रकल्पाचं नाव सध्या "कायोटी". उच्चारावरूनही वाद आहे, मेक्सिकन शेजारी "कोयोते" म्हणतात आणि मूळ नाहुआत्ल (मेक्सिकोतली आदिवासी भाषा) शब्दाच्या जवळ तेच आहेत. आपण कायोटीच म्हणू.

जाता जाता: जानेवारी ते मार्च हा त्यांचा जोड्या जमवण्याचा काळ. या दिवसांत ते जास्त फिरतात आणि म्हणून जास्त दिसतात.

१४ फेब्रुवारी

मांजर सापडली. तीन घरं सोडून एका गॅरेजमध्ये अडकली होती. ग्रुपवर यावर एकूण दोन मेसेज.

१७ फेब्रुवारी, शनिवार

"पकडून लांब सोडा" याचं उत्तर आधी शोधलं, कारण हाच प्रश्न रोज येतो. कॅलिफोर्नियात राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या परवानगीशिवाय असं पकडून दुसरीकडे सोडता येत नाही. म्हणजे पिंजरा लावला तर जनावर मारायचंच असतं, हे पिंजरा मागणाऱ्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. आणि मारून जागा रिकामी झाली की तिथलं खाणं तसंच राहतं, मग शेजारच्या हद्दीतला किंवा नुकताच घर सोडून निघालेला तरणा कायोटी तिथे येतो. गेली शंभरेक वर्षं या देशात त्यांना गोळ्या, सापळे, विष सगळं करून झालंय आणि या काळात ते पश्चिमेकडून पसरत पसरत हवाई सोडून सगळ्या राज्यांत पोचलेत.

मी बोरिवलीची. लहानपणी नॅशनल पार्कच्या भिंतीलगतच्या बिल्डिंगमध्ये बिबट्या आला की हेच संवाद ऐकलेत, शब्दनशब्द. जुन्नरला तर करून पाहिलं होतं, २००१ पासून उसातले बिबटे पकडून दुसरीकडे सोडले आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट मांडलंय. बिबट्या आणि कायोटी यांची तुलना होत नाही हे मान्य, हा प्राणी दहा-पंधरा किलोचा, पण माणसं तीच आहेत.

दुसरी बाजूही लिहून ठेवते, नाहीतर मला "प्राणीप्रेमी" म्हणून मोडीत काढतील. इथून पंचवीस मिनिटांवर, मोरागा आणि लाफायेटमध्ये जुलै २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात एकाच कायोटीने पाच जणांना चावे घेतले, त्यात लहान मूलही होतं. जखमांवरून मिळालेल्या डीएनएवरून एकच जनावर असल्याचं कळलं आणि मार्च २०२१ मध्ये त्याला पकडून मारलं. तिथे ते बरोबरच होतं असं माझं मत. प्रश्न असा की कायोटी तिथपर्यंत पोचतो कसा.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आज पूर्ण कॉलनीला पायी चक्कर, वही घेऊन. बाहेरून जे दिसेल तेवढंच टिपायचं, कोणाच्या आवारात जायचं नाही.

सापडलेलं: कुत्र्याच्या खाण्याचे बाउल रात्रभर बाहेर. झाकण न लागणारे ग्रीन बिन, म्हणजे २०२२ पासून उरलंसुरलं अन्न त्यातच टाकायचा नियम आलाय आणि आपल्याकडे सोमवारी सकाळी बिन नेतात म्हणून लोक रविवारी दुपारीच रस्त्यावर काढून ठेवतात, एकात तर बिर्याणी वरपर्यंत. संत्र्याच्या झाडाखाली सडा. क्लबहाऊसच्या मागे झुडपात कागदी प्लेट्स, मांजरांचं कोरडं खाणं, ओळीने सहा. आणि एका घराच्या मागे बर्ड फीडर, खाली दाण्यांचा थर, दाण्यांना खारी आणि उंदीर, फेन्सखाली खारींची बिळं.

हे शेवटचं घर माझं.

३ मार्च, रविवार

एचओएने दोन ट्रेल कॅमेरे मंजूर केले, एक क्लबहाऊसमागे आणि एक नाल्याच्या पाईपजवळ. पहिल्या आठवड्याचं कार्ड आज काढलं. नऊशेच्या वर फोटो आणि त्यातले जवळजवळ सगळे गवताचे. हलणारं गवत, उन्हातलं हलणारं गवत, पावसातलं हलणारं गवत. सेन्सर उष्णतेच्या हालचालीवर चालतो, ऊन पडलेलं गवत वाऱ्याने डोललं की त्याला वाटतं कोणीतरी आलं. गवत कापलं, तोंड उत्तरेला फिरवलं, गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधला. आणि कोणाच्या खिडकीकडे रोखलेला नाही हे दोन शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं, नाहीतर नवीनच भांडण.

१६ मार्च, शनिवार

आता कॅमेरा कामाला लागला. मांजरांच्या प्लेट्सवर आठवड्याभरात: मांजरी, रॅकून, रॅकून, स्कंक, रॅकून, आणि दोन वेळा पहाटे पावणेपाचला कायोटी. शांतपणे प्लेट चाटून गेला, घाई नाही.

प्लेट्स ठेवतात त्या आजींना भेटले. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या राहतात, मांजरांना नावं ठेवलीत. मी तयारी करून गेले होते, आकडे वगैरे घेऊन. शिकागोच्या कुक काउंटीत ओहायो स्टेट विद्यापीठाचे स्टॅन गेर्ट २००० सालापासून शहरी कायोटींच्या मागे आहेत, तिथे १४२९ विष्ठा तपासल्या तर ४२ टक्क्यांत लहान उंदरांसारखे प्राणी, २३ टक्क्यांत फळं, २२ टक्क्यांत हरिण, १८ टक्क्यांत ससा, आणि मांजर फक्त १ टक्क्यात. पण लॉस एंजेलिसच्या दाट वस्तीत नॅशनल पार्क सर्व्हिसने तेच केलं तर मांजर २० टक्क्यांच्या आसपास. जनावर तेच, ताट वेगळं. मांजरांना एका जागी जमवून त्याच जागी कायोटीलाही बोलावलं की काय होणार.

आकडे काढायची वेळच आली नाही. फोटो दाखवला, त्यात त्यांची पांढरी मांजर रात्री अडीचला आणि कायोटी पावणेपाचला, त्याच प्लेटवर. आजी बराच वेळ बघत राहिल्या. ठरलं असं: खाणं दुपारी तीनला, आजी स्वतः बसणार, अर्ध्या तासात प्लेट्स उचलणार. त्यांची खुर्ची मी आणून ठेवली.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

आई रविवारी आली, सहा महिन्यांसाठी. गुढी बाल्कनीत उभारली. रात्री अकराला टेकडीवरून ओरडणं सुरू झालं आणि आई जेट लॅगमध्ये जागीच होती, खिडकीशी जाऊन म्हणाली, "अगं ही तर कोल्हेकुई! आठ-दहा आहेत बघ." आठ-दहा नसतात, दोनच असले तरी आवाज असे भराभर बदलतात आणि टेकडीवर घुमतात की टोळी वाटते. ते तिला सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही.

कोल्हा नाही गं, म्हणलं, कोल्ह्याचा थोराड चुलतभाऊ. पण घरात आता तो कोल्हाच.

२० एप्रिल, शनिवार

हुसकावण्याचं शिबिर. इंग्रजीत याला हेझिंग म्हणतात, पोस्टरवर ते लिहिलं तर कॉलेजातल्या पोरांना रॅगिंग वाटलं, म्हणून आमच्या मराठी-हिंदी पोस्टरवर सरळ "हुसकावा".

सांगितलेलं थोडक्यात: पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. हात वर, मोठं दिसायचं, त्याच्या डोळ्यांत बघून ओरडायचं, एक-दोन पावलं त्याच्याकडे टाकायची. शिट्टी, एअर हॉर्न, डब्यात नाणी, बागेचा पाण्याचा पाईप, जे हाताशी असेल ते. आणि तो पूर्ण नजरेआड होईपर्यंत थांबायचं नाही, लोक इथेच चुकतात, तो दहा पावलं जाऊन वळून बघतो आणि आपण व्हिडिओ काढायला लागतो. तिथे तो शिकतो की माणूस थोडा ओरडतो आणि मग गप्प होतो. लहान मूल आणि लहान कुत्रा आधी उचलून घ्यायचा. कोंडीत सापडलेल्या किंवा आजारी दिसणाऱ्याला हुसकावायचं नाही, त्याला वाट द्यायची.

प्रात्यक्षिकात मजा झाली. चाळीस माणसं आणि कोणालाच मोठ्याने ओरडता येईना. सॉफ्टवेअरमधली माणसं, "गो अवे प्लीज" असं मीटिंगमध्ये बोलल्यासारखं. एका दादांना कायोटीचा पुठ्ठ्याचा कटआऊट दाखवला तर ते हसत हसत खरंच पळाले. शेवटी आई पुढे आली, स्टीलची थाळी आणि पळी घेऊन, आणि "हाऽऽड!" असं ओरडली की क्लबहाऊसचा दरवाजा उघडून कोणीतरी बघायला आलं. मार्च २०२० मध्ये बाल्कनीत थाळ्या वाजवल्या होत्या त्याची आठवण झाली. त्यानंतर सगळ्यांना जमलं. पोस्टरवर एअर हॉर्नच्या आधी थाळी-पळी लिहिली.

१२ मे, रविवार

आज बंड्याला, आमच्या कुत्र्याला, घेऊन नाल्याच्या ट्रेलवर गेले तर कायोटी मागे. साधारण तीस पावलं अंतर ठेवून, दात न दाखवता, आवाज नाही, मी थांबले की थांबतो, चालले की चालतो. बंड्या सहा किलोचा, त्याला उचलला. माझे पाय कापत होते हे लिहायला हरकत नाही, शिबिर मीच घेतलं होतं तरी.

घरी येऊन कॅमेरा पाहिला आणि उलगडलं. पाईपजवळच्या कॅमेऱ्यात मादी, आचळं भरलेली. एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात, साधारण चार ते सात, आणि या दिवसांत नर-मादी कुत्र्याला बिळापासून लांब नेईपर्यंत असे मागे येतात. हल्ला करायला नाही, पोचवायला. इथे हुसकावून उपयोग नाही, ते हटणार नाहीत, आपणच हटायचं, हळूहळू आणि तोंड त्यांच्याकडे ठेवून. सॅन फ्रान्सिस्कोत प्रेसिडियो पार्कमध्ये दर वसंतात काही ट्रेल्स कुत्र्यांसाठी बंदच करतात. तेच इथे: पाईपजवळच्या तीनशे फुटांवर सप्टेंबरपर्यंत कुत्रे बंद, पाटी लावली. बीळ नेमकं कुठे ते पाटीवर नाही आणि ग्रुपवरही सांगणार नाही, दुसऱ्या दिवशी पोरं फोन घेऊन हजर होतील.

३० जून, रविवार

शुक्रवारी सॅन फ्रान्सिस्कोच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये समर कॅम्पमधल्या पाच वर्षांच्या मुलीला कायोटी चावला. तिथे पिल्लं होती. नंतर तीन कायोटी मारले. आमचा ग्रुप पुन्हा पेटला आणि आज तातडीची मीटिंग.

मी असं म्हणलं नाही की घाबरू नका. मला स्वतःला मुलगी आहे. जे खरं आहे ते सांगितलं: अमेरिका-कॅनडात कायोटीने माणूस मारल्याच्या नोंदलेल्या घटना दोन, १९८१ मध्ये ग्लेनडेलची तीन वर्षांची मुलगी आणि २००९ मध्ये नोव्हा स्कोशियात एकोणीस वर्षांची गायिका. चावे त्याहून खूप जास्त, आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या घटना मांडून रेक्स बेकर आणि रॉबर्ट टिम या अभ्यासकांनी एक उतरंड दाखवलीय, जनावर एका रात्रीत धीट होत नाही. आधी रात्री रस्त्यावर जास्त दिसू लागतात. मग माणसाजवळ येतात, रात्री पाळीव प्राणी नेतात. मग पहाटे-संध्याकाळी उजेडात. मग दिवसाढवळ्या कुत्र्यामांजरांच्या मागे. मग लीशवरच्या कुत्र्यावर, धावणाऱ्या माणसामागे. मग भर दुपारी मुलांच्या खेळायच्या जागी. आणि शेवटी भर दुपारी मोठ्या माणसावर.

आपल्या नोंदींवरून आपण तिसऱ्या पायरीच्या अलीकडे. पाचवी पायरी दिसली तर राज्याच्या खात्याला मीच फोन करेन, कोणी सांगायची वाट बघणार नाही, आणि तेव्हा मारू नका असंही म्हणणार नाही. हे ऐकून पिंजरावाले जरा शांत झाले. उलट कायोटींवर प्रेम करणाऱ्या दोघी माझ्यावर नाराज. असू दे.

मुलांसाठी ठरलेलं एकच वाक्य: पळू नको, मोठा हो, मोठ्याने ओरड, मोठ्या माणसाकडे जा. माझ्या मुलीचं म्हणणं हे चार आहेत.

१४ जुलै

फेन्सचं काम. निदान सहा फूट हवी आणि वर फिरणारा रोलर, म्हणजे पंजा टेकला की घरंगळतो. खाली एल आकारात जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीत, नाहीतर उकरतात. सगळीकडून रोलर परवडेना म्हणून फक्त टेकडीकडच्या बाजूला. तरी बंड्या रात्री एकटा बाहेर जाणार नाही. फेन्सवर विसंबून झोपायचं नाही असं मी लोकांना सांगतेय.

२५ ऑगस्ट, रविवार

कॅमेऱ्यात एक कायोटी, शेपटी उंदरासारखी, पाठीचे केस गेलेले. खरूज. ग्रुपवर कोणीतरी "हे काय भूत आहे" म्हणलं.

यावरून बिनांच्या मागे ठेवलेले काळे डबे आठवले, उंदरांच्या औषधाचे. विषारी उंदीर खाऊन विष वर चढतं, आणि दक्षिण कॅलिफोर्नियात बॉबकॅट नावाच्या रानमांजरांमध्ये हे रक्त पातळ करणारं विष आणि जीवघेणी खरूज यांचा संबंध अभ्यासात दिसलाय. आमच्या या कायोटीला त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण उंदीर खाणाऱ्यालाच आजारी पाडायचं आणि मग उंदीर वाढले म्हणायचं याला काय अर्थ. यातल्या सगळ्यात जहाल प्रकारांवर राज्यात २०२१ पासून काही अपवाद सोडून बंदी आहे. एचओएच्या कंत्राटात कुठलं औषध आहे विचारलं तर तीन मेल आणि पंधरा दिवस. शेवटी डबे काढून झटका देणारे सापळे लावायचं कबूल झालं. राज्याच्या वाइल्डलाइफ साइटवर आजारी जनावराची नोंद केली.

२२ सप्टेंबर, रविवार

हे लिहायचं की नाही विचार करत होते. पितृपक्ष सुरू आहे. कॉलनीत आपली बरीच घरं, मराठी, तेलुगू, गुजराती, आणि मागच्या भिंतीवर पान ठेवायची पद्धत बऱ्याच घरात. खीर, वडे, भात, दही. कावळे येतातही, इथले कावळे आपल्यापेक्षा मोठे आणि धीट. पण कावळा दोन घास खातो आणि पान रात्रभर तिथेच. गुरुवारच्या फोटोत कायोटी भिंतीशी मागच्या पायांवर उभा राहून पान ओढतोय. कोणाचं घर ते मला कळलंय, लिहीत नाही.

आता हे कोणी सांगायचं? मी सांगितलं तर "अमेरिकेत राहून पोरीला शिंगं फुटली". जंगली जनावरांना खायला घालणं बेकायदा आहे हे खरं, पण श्राद्धाच्या घरी जाऊन कायदा सांगणारी बाई मला व्हायचं नव्हतं. आईला विचारलं. ती म्हणाली, "कावळा शिवला की आपलं काम झालं. मग पान उचलायला काय हरकत आहे? आमच्याकडे गायीला घालायचे, इथे गाय कुठे, घडी करून हिरव्या डब्यात."

संध्याकाळी तिने चार घरी फोन केले. काकूंना काकूंच्या भाषेत. भिंतीऐवजी वरच्या बाल्कनीत ठेवा, कावळा येईपर्यंत उभं राहा, शिवला की आत घ्या. मी आठ महिने पोस्टरं छापतेय.

२ ऑक्टोबर, सर्वपित्री

दहा घरांना विचारलं, नऊ जणांनी पान बाल्कनीत ठेवलं. दहावे आजोबा म्हणाले भिंतीवरच ठेवणार, पण खुर्ची टाकून तिथेच बसले, पेपर वाचत. कावळ्याने सव्वा तास लावला.

रात्रीच्या कॅमेऱ्यात भिंतीशी फक्त स्कंक.

आई शनिवारी परत जातेय. थाळी-पळी इथेच ठेवून जाणार म्हणाली.

१० नोव्हेंबर, रविवार

गेल्या रविवारी हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली, पाचलाच अंधार, म्हणजे लोकांची कुत्रा फिरवायची वेळ आणि कायोटीची वेळ आता एकच. शिवाय या दिवसांत यंदाची पिल्लं घर सोडून निघतात, म्हणून वाढत्या फोटोंत नवीन चेहरे आहेत. ग्रुपवर "एवढं करून काय उपयोग" सुरू झालंय. संख्या मोजू नका, काय करतोय ते मोजा, हे तिसऱ्यांदा लिहिलं. मांजरांच्या प्लेट्सवर मार्चपासून एकदाही नाही. खरजेचा पुन्हा दिसलेला नाही.

बाकी कामं: रविवारी दुपारचे बिन (अजून नऊ घरं), ट्रेलवर ताणून लांब होणाऱ्या लीशऐवजी सहा फुटी साधी लीश, पाटीचं कोरियन आणि चिनी भाषांतर.

आणि आजचा फोटो. माझ्याच मागच्या फेन्सबाहेर. पर्सिमनच्या झाडाची फांदी पलीकडे गेलीय हे माझ्या लक्षातच नव्हतं, खाली पिकलेली फळं पडलीत आणि पहाटे सहाला एक तरणा कायोटी निवांत बसून खातोय, नारिंगी रस हनुवटीला. बर्ड फीडर फेब्रुवारीतच काढला म्हणून मी वर्षभर मिरवतेय. आईला पाठवला, तिकडून व्हॉइस मेसेज आला, हसतेय, "कोल्हा काकडीला राजी, ऐकलंस ना कधी?"

दुपारी खालची फळं वेचली, दोन बादल्या निघाल्या. वरच्या फांदीला हात पोचत नाही. समोरच्यांकडून शिडी मागितलीय, उद्या संध्याकाळी, पाचच्या आत.